कुरकुर

कुंदा नको मला.
पाहुणे बसस्टँडवरून पाव किलो घेऊन येतात,
म्हणतात, बेळगावात राहून गोडाचं वावडं?
वावडं नाही. कुंदा मऊ आहे, इतकंच.
जिभेवर तो काही न बोलता विरघळतो,
आणि घरात तसंही कोणी बोलत नाही.

मला चुरमुरे लागतात,
लसूण करपेपर्यंत परतलेले, तिखटजाळ.
फुटाणे लागतात, खारी, शेवेचा चुरा,
तव्याला चिकटून राहिलेला भाकरीचा पापुद्रा,
दाताखाली जे जे मोडतं ते सगळं.

डॉक्टर हुक्केरींना म्हटलं, भूक फार लागते.
त्यांनी विचारलं, जेवल्यावर किती वेळानं?
मी म्हटलं, जेवतानाच.
ते हसले. कागदावर साखरेचा आकडा लिहिला,
खाली तांबड्या पेनानं रेघ,
आणि कानडी-मराठीच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत म्हणाले,
मनावर ताबा ठेवा की बाई.

मनावर.
वडगावपर्यंत चालत येताना मी मन शोधत होते
आणि हात पिशवीत, फुटाण्यांत.

माग होता तेव्हा असं नव्हतं.
एकवीस वर्षं पुढच्या खोलीत तो बडवत होता.
थ्री-फेज रात्री दोनला आली तर रात्री दोनला.
फळीवरची भांडी थरथरायची,
आम्ही ओरडून बोलायचो, भांडायचोही ओरडून,
आमटीत मीठ कमी आहे हे गल्लीभर कळायचं.
मुलगी त्या दणक्यात गाढ झोपायची,
लाईट गेली की दचकून उठायची.
दोन भाकऱ्या झाल्या की पोट म्हणायचं, बास.
मी ऐकायचे.
त्या आवाजात कसं ऐकू यायचं, देव जाणे.

मग साड्यांना भाव उरला नाही,
मुलगी हुबळीला दिली,
भंगारवाल्यानं माग किलोवर तोलून नेला.
फरशीत चार बोल्टांची भोकं राहिली.
परशरामनं त्यात सिमेंट भरलं, नीट बसलं नाही,
अनवाणी पायाला अजून टोचतं.
अंधारात मी बरोबर तिथंच बसते.
तो उद्यमबागेत रात्रपाळीचा वॉचमन.
इथं मी, डबा,
आणि ही शांतता, कोरी, कुठल्याच मापात न बसणारी.
हात डब्याकडून तोंडाकडे,
तोंडाकडून डब्याकडे,
धोटा जसा.
कुर्रम. कुर्रम.
कानाच्या आत काहीतरी सुरू होतं,
वार दीड वार विणून होतं,
डब्याचा तळ लागला की सूत तुटतं.

दुपारी शेजारची निलव्वा दारातूनच विचारते,
ऊटा आयता?
आयतु, म्हणते मी. जेवले असले तरी, नसले तरी.
परवा तिनं सौंदत्तीहून, माहेराहून,
कडक भाकऱ्या आणल्या, महिनाभर टिकणाऱ्या,
शेंगाचटणी, वर घट्ट दही.
मोडताना कौल फुटल्यासारखा आवाज.
आम्ही दोघी समोरासमोर चावत बसलो,
दोन माग, वेगवेगळ्या चालीचे.
तिनं नातवाच्या तापाचं सांगितलं,
मी डॉक्टरांच्या तांबड्या रेघेचं.
भाकरी अर्धी उरली.
साकु? तिनं विचारलं.
साकु, म्हटलं मी.
शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं,
मराठीत हे मी कितीतरी दिवसांत म्हटलेलं नाही.

त्या रात्री डबा उघडला नाही, असं सांगायला आवडलं असतं.
उघडला.

डबा रिकामा होतो, दोन दिवसांनी भरलेला असतो.
भरतो परशराम. विचारत नाही.
काल त्याची खाकी पॅन्ट धुवायला काढली,
खिसे उलटे केले.
बसचं तिकीट, एक बटण,
आणि फुटाण्यांची तांबूस सालं, मूठभर.
रात्रभर त्या गेटापाशी,
तोही.

मी सालं मोरीत टाकली नाहीत.
तळहातावर घेऊन पुढच्या खोलीत आले, फुंकर घातली.
सिमेंटच्या डागांवर पडली काही, काही दाराशी.
झाडीन उद्या.